सबनीसकाकांची न तुटणारी पट्टी

सबनीसकाका कोलकात्यात बेहालाच्या आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी चहाच्या आधी प्लास्टिकचा फुटका मग मागितला. त्याचा तुकडा काडीने पेटवला, विझवला आणि अत्तर हुंगावं तसा हुंगला. "मेणबत्तीचा वास. म्हणजे पॉलिथिन," म्हणाले, आणि मग बसले.

काका जन्मापासून कोलकात्यातले. जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरण्याजोगं करायचा त्यांचा छोटा कारखाना होता. कामगारांशी ते बंगालीत बोलत, यंत्राशी मात्र मराठीत. नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाल्यापासून मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरीच बसले होते. हे कळल्यावर काका एवढंच म्हणाले, "उद्या दहाला ये."

तेव्हा त्यांना खाऊच्या रिकाम्या पाकिटांनी झपाटलं होतं. त्यांतले पॉलिथिन आणि नायलॉनचे थर सुटे होत नाहीत, आणि एकत्र वितळवले तर मिसळत नाहीत. अशा मिश्रणाची पट्टी वाकवली की पापडासारखी तुटते. म्हणून काका त्यात थोडे वेगळे दाणे घालत. हे दाणे एकीकडे पॉलिथिनमध्ये मिसळतात, दुसरीकडे नायलॉनला धरून ठेवतात. किती घालायचे, ते आम्ही रोज शोधायचो. पट्टी तुटली की काका "दोघंही हट्टी आहेत" म्हणून पुढची घ्यायचे. चार महिन्यांनी एक पट्टी दोन्ही टोकं टेकेपर्यंत वाकली आणि तुटली नाही. काका ती दिवसभर खिशात घालून हिंडले.

मग बादल्या बनवणारे एक गृहस्थ माल बघायला आले. नेमकी त्यांच्यासमोर बुडबुड्यांनी भरलेली पट्टी निघाली आणि कट्कन तुटली. नायलॉन हवेतली ओल शोषतं, आणि वितळवताना तिची वाफ होते. पाकिटांचा भुगा आधी सुकवायचं काम माझं होतं, आणि मी ते विसरले होते. मी तोंड उघडायच्या आत काका बंगालीत त्यांना म्हणाले, "सुकवायचं मीच विसरलो. वय झालं." गृहस्थ आठवड्याने पुन्हा आले आणि माल घेऊन गेले. काकांनी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही.

दोन वर्षांनी आम्ही पुण्याला निघालो, तेव्हा काकांनी शिफारसपत्र दिलं. त्याच्यावरच मला इथे नोकरी लागली. पत्रात मी 'आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख' होते. कारखान्यात जिन्याखाली एक टेबल होतं, बाकी काही नव्हतं.

"काका, प्रयोगशाळा कुठली?" पत्र वाचून मी विचारलं.

काका टेबलाकडे बघत म्हणाले, "तू होतीस तोवर होती की. आता पुन्हा टेबल."