मापसाहेबांच्या गाडीचं ॲव्हरेज

बायकोने एवढंच विचारलं होतं, की नवी गाडी घ्यायची का. यावर "घेऊ" म्हणता आलं असतं, "नको" म्हणता आलं असतं, अगदीच काही नाही तर वर्तमानपत्रात डोकं खुपसून नुसतं "हं" म्हणता आलं असतं. (सव्वीस वर्षांच्या संसारात "हं"ने त्यांना कधी दगा दिला नव्हता.) पण मापसाहेब म्हणाले, "मोजून बघू," आणि तिथेच सगळं घसरलं.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू, दुधाची मापं, पेट्रोल पंपांची यंत्रं तपासायची. बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. आता दिवसभर लोकांची मापं काढणारा माणूस घरी आल्यावर एकदम थांबेल कसा? खोकल्याचं औषधसुद्धा ते टोपण डोळ्यांच्या रेषेत धरून घेत, आणि तोवर खोकला थांबलेला असे.

त्यांची डिझेल गाडी सतरा वर्षांची होती. मुलीला दवाखान्यातून घरी आणलं ते साहेबांच्या वडिलांच्या गाडीतून. पण तिला शाळेत, क्लासला आणि शेवटी नोकरीच्या गावी पोचवलं ते याच गाडीने. त्यामुळे साहेबांचा गाडीवर जीव होता. बायको फिजिओथेरपिस्ट. ती पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेई, आणि तिला गाडीविषयी एवढंच वाटे, की सकाळी ती सुरू व्हावी.

"गेल्या महिन्यात तीनदा बंद पडली," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "ते अर्धांगवायूचे आजोबा सकाळी सातपासून खुर्चीत तयार होऊन बसतात हो. मी नऊला पोचते. ते काही बोलत नाहीत, म्हणून जास्तच लाज वाटते. हायब्रिड घेऊया. ॲव्हरेजही चांगलं देते म्हणतात."

"म्हणतात! कोण म्हणतात? कंपनीवाले. आपली गाडी आजही लिटरला चोवीसच्या आसपास देते. ऑफिसात विचार कुणालाही."

"ऑफिसातल्यांना काय माहीत?"

"मी सांगितलंय ना त्यांना!"

त्यावर ते मघाचं वाक्य आलं. बायकोने उशीचा अभ्रा झटकला आणि म्हणाली, "मोजा."

तिच्या डेंटिस्ट मैत्रिणीने नुकतीच हायब्रिड घेतली होती. ती रविवारपुरती मागून आणायची, दोन्ही गाड्यांच्या टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या, एकाच रस्त्याने धरणापर्यंत जाऊन यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायच्या. जितकं आत जाईल तितकं खर्च झालं. साहेबांनी नियम लिहून काढले. खिडक्या बंद, एसी बंद, वेग पंचावन्नच्या वर नाही, आणि दोन्ही गाड्यांत वजन सारखं.

हा शेवटचा नियम लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त शास्त्र होतं. बायको आणि सासूबाई नव्हत्या.

सासूबाई महिनाभरासाठी राहायला आल्या होत्या आणि धरण बघायचं म्हणून सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या. त्या हायब्रिडमध्ये लेकीशेजारी बसल्या. डिझेलमध्ये साहेब एकटे. म्हणजे डिझेलचं वजन कमी पडत होतं. साहेब आत गेले आणि पाण्याचे वीस लिटरचे डबे, काठोकाठ भरून, एकेक करून मागच्या सीटवर ठेवू लागले. एक ठेवला. दुसरा ठेवला. हायब्रिडकडे एक नजर टाकली, आणि तिसरा आणायला गेले.

सासूबाईंनी काच खाली केली. "जावईबापू, हे पाणी कशाला?"

"तुमच्या दोघींचं वजन जास्त होतंय ना, ते भरून काढतोय."

हायब्रिड गाडीत आवाज नसतो, पण एवढी शांतता तिच्या बनवणाऱ्यांनाही साधली नसेल.

"तीन डबे?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे साठ किलो? तुमच्यापेक्षा वर?"

"नाही, तुमचे एकट्यांचे नाहीत ते..."

"मग त्यात आईचे किती आणि माझे किती?" बायकोने विचारलं.

साहेबांनी आयुष्यात अनेक व्यापाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारले होते. व्यापारी तेव्हा छताकडे का बघतात, हे त्यांना आज समजलं. "डब्यांचं स्वतःचं पण वजन असतं," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पंपावर वेगळंच नाटक झालं. साहेबांनी तो पंप शुक्रवारीच तपासला होता. रविवारी सकाळी तेच साहेब दोन गाड्या घेऊन आलेले पाहून मॅनेजर बिस्किटं खाता खाता उठला आणि धावत आला.

"साहेब, परवाच तर शिक्का मारून गेलात!"

"आज खाजगी काम आहे."

मॅनेजरचा चेहरा पडला. खाजगी काम म्हणजे काय, हे त्याला इतर खात्यांच्या साहेबांनी चांगलं शिकवलेलं होतं. त्याने आवाज खाली आणला. "किती, साहेब?"

"फुल."

"फुल म्हणजे... नेमके किती?"

"अहो, टाकी! टाकी फुल करा. दोन्ही."

मॅनेजरने स्वतः नळी धरली. टाकीच्या तोंडाशी डिझेल चमकेपर्यंत भरलं, मग हायब्रिडमध्ये तसंच पेट्रोल. साहेबांनी दोन्ही गाड्यांचे ट्रिप मीटर शून्यावर आणले आणि मोहीम निघाली.

जाताना साहेबांनी जी गाडी चालवली तशी त्यांनी आजवर कधी चालवली नव्हती. ॲक्सिलरेटरवर पाय असा, जणू खाली अंडं आहे. ब्रेक म्हणजे पाप. पुढे सिग्नल दिसला की दोनशे मीटर आधीच पाय उचलायचा. मागचे लोक हॉर्न वाजवत, मग शेजारून जाताना आत डोकावून बघत, की माणूस शुद्धीवर आहे ना. तिन्ही डबे मागे डुचमळत होते. हायब्रिड पहिल्या सिग्नलला दिसली, दुसऱ्याला लांब दिसली, आणि घाट सुरू झाल्यावर दिसेनाशी झाली. साहेब घामाने निथळत होते, पण मनातून खूश होते. "पळू दे," ते गाडीला म्हणाले. "तू सावकाश चल."

ती इतकी सावकाश चालली, की धरणावर पोचायला त्यांना पस्तीस मिनिटं उशीर झाला. मायलेकी झाडाखाली डबा उघडून जेवून, हात धुऊन बसल्या होत्या. साहेबांनी उरलेलं खाल्लं. मग निघायच्या वेळी सासूबाई उठल्या आणि सरळ डिझेलच्या दिशेने चालू लागल्या.

"आई, इकडे!" बायको म्हणाली.

"मी जावईबापूंबरोबर येते. जेवल्यावर मला जरा पडायला लागतं. तुझ्या त्या गाडीत झोपच येत नाही. आवाज नाही, धक्का नाही, डॉक्टरांच्या खोलीबाहेर नंबर लावून बसल्यासारखं वाटतं."

सकाळचा राग मनात न ठेवता सासूबाई आपण होऊन डिझेलमध्ये बसताहेत, यावर दुसऱ्या कुठल्याही जावयाने हात जोडले असते. साहेब मात्र हिशेबात पडले. आता तिन्ही डबे हायब्रिडमध्ये टाकले तरी पुरत नव्हते. ते गुपचूप उतारावर गेले आणि रुमालात धरून एक चांगला थोराड दगड घेऊन आले.

"अहो! डेंटिस्टच्या नव्या गाडीत दगड?"

"डिकीत ठेवतो. खाली पेपर घालून."

"किती दगड?"

साहेबांनी अंदाजाने सासूबाईंकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि आकडा गिळला. "बसतील तेवढे," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी आधी आपली काच पूर्ण खाली केली. (नियम क्रमांक एक.) साहेबांनी हळूच सुचवलं, की काच उघडी असली की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. "ओढू दे," सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला कुठे घाई आहे," आणि इंजिनाच्या घरघरीत त्यांची घरघर मिसळली. तरीही साहेबांनी धीर सोडला नाही. त्यांनी अंडं फुटू दिलं नाही.

पंपावर पुन्हा टाक्या भरल्या. हायब्रिडमध्ये बरोबर पाच लिटर गेलं. डिझेलमध्ये पाच पूर्णांक तीन. मॅनेजर, नळी धरणारा आणि हवा भरणारा असे तिघं आता प्रेक्षक म्हणून उभे होते. बायकोने मीटर वाचला: "एकशे अठरा." साहेबांनी आपला वाचला: "एकशे सव्वीस." वहीवर भागाकार झाला. तो त्यांनी दोनदा केला, मग वही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"हायब्रिड, तेवीस पॉइंट सहा. डिझेल, तेवीस पॉइंट आठ! सतरा वर्षांची गाडी! बघितलंस?"

बायकोने मान हलवली आणि नजर त्या जुन्या गाडीवरून फिरवली. तिच्या डोळ्यांसमोर सात वाजल्यापासून खुर्चीत बसलेले ते आजोबा आले असावेत. "ठीक आहे," ती म्हणाली. "मोजायचं ठरलं होतं. मोजलं."

तिचं ते "ठीक आहे" ऐकून साहेबांचा आनंद जरा कमी झाला. तेवढ्यात मॅनेजरने डोकं खाजवलं.

"साहेब, दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने गेल्या ना?"

"अर्थात."

"मग तुमचे आठ किलोमीटर जास्त कसे?"

वही खाली आली. बायकोने वहीतले दोन्ही आकडे पुन्हा वाचले, आणि तिचा आवाज एकदम गोड झाला. "हो की. जाताना एकटेच होतात. पस्तीस मिनिटं उशीर. कुठे जाऊन आलात?"

"कुठे जाणार? पंचावन्नच्या वेगाने माणूस कुठे जाऊ शकतो?"

"मग गाडी खोटं बोलतेय, नाहीतर तुम्ही."

साहेब हायब्रिडजवळ गेले, परत आले, गुडघ्यावर बसले आणि आपल्या गाडीच्या टायरवर छापलेला आकडा वाचू लागले. बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी टायर बदलले तेव्हा मूळ मापाचे मिळत नव्हते. दुकानदार म्हणाला होता, थोडे लहान आहेत, पण फरक पडत नाही. लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त वेळा फिरतं. आणि मीटर बिचारा फिरणं मोजतो, रस्ता मोजत नाही.

म्हणजे दोन वर्षं वजनमापे खात्याच्या निरीक्षकाच्या स्वतःच्या घरी खोटं माप चालू होतं.

ते लपवता आलं असतं. आठ किलोमीटर चुकून भलत्या रस्त्याला गेलो म्हटलं असतं, तर बायकोने महिनाभर चिडवलं असतं, पण गाडी वाचली असती. साहेब उठले. गुडघे झटकले. वहीतला एकशे सव्वीस खोडून त्यांनी एकशे अठरा लिहिला आणि पुन्हा भागाकार केला.

"बावीस पॉइंट तीन," ते म्हणाले. "हायब्रिड जिंकली. माझा मीटर चुकीचा आहे."

नळी धरणारा हसू दाबायला पंपामागे गेला. मॅनेजरला मात्र खरोखर गहिवरून आलं. आपल्या मापात खोट आहे असं कबूल करणारा माणूस त्याने धंद्यात प्रथमच पाहिला होता.

"आणि तेही एसी बंद ठेवून," साहेब स्वतःशी पुटपुटले. "एसी लावला असता तर हायब्रिडचं ॲव्हरेज..."

"लावला होता की," बायको म्हणाली.

"काय?"

"जातायेता दोन्ही वेळेला. एवढ्या उन्हात?"

साहेबांनी वही मिटली. बायको जवळ आली आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीवरची टायरची काळी धूळ झटकू लागली. "सांगितलं नसतंत तरी चाललं असतं," ती हळूच म्हणाली. "मी ठीक आहे म्हटलं होतं."

"चाललं नसतं," साहेब म्हणाले.

जुनी गाडी एका रंगाऱ्याने घेतली. (साहेबांनी त्याला आधी टायर बदलायला लावले, मगच चावी दिली.) डेंटिस्टबाईंचाही फोन आला, की गाडी धुऊन दिलीस त्याबद्दल आभार, पण डिकीतल्या दगडाचं काय करू? आणि दोन महिन्यांनी दारात नवी हायब्रिड उभी राहिली. आजोबांना आता सातपासून साहेबांच्या बायकोची वाट बघावी लागत नाही. उलट परवा ती पोचली तेव्हा तेच आंघोळीतून यायचे होते.

या गाडीत एक नवीनच प्रकार निघाला. प्रवास संपला की समोरच्या पडद्यावर, तुम्ही इंधन किती जपून वापरलंत त्याप्रमाणे हिरवी पानं उगवतात. जास्तीत जास्त पाच. बायको पेशंटकडे जाऊन आली, की चार किंवा पाच. साहेब ऑफिसला जाऊन आले, की दोन. त्यांनी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. पाय अंड्यावर ठेवला, मग अंड्याच्याही वर, हवेत ठेवला. एक पान आलं. शोरूमच्या मेकॅनिकने गाडी तपासून सांगितलं, की पडदा अचूक आहे. साहेब जरा घाबरत घाबरत चालवतात, एवढंच.

रविवारी सकाळी साहेब व्हरांड्यात माहितीपुस्तकाचं सहावं प्रकरण दुसऱ्यांदा वाचत होते. पुन्हा राहायला आलेल्या सासूबाईंनी खिळ्यावरची चावी घेतली. त्यांनी गाडी हातात धरली नव्हती त्याला अकरा वर्षं झाली होती. "बाजारात जाऊन येते," म्हणून त्या गेल्या, आणि साहेबांनी डोळे मिटून घेतले.

तासाभराने गाडी फाटकातून नीट आत आली. सासूबाई हातातली भाजीची पिशवी सांभाळत पायऱ्या चढल्या, चावी खिळ्याला लावली आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "जावईबापू, पाच पानं आली. यात सहावं नसतं का?"