जपून ठेवलंया

आमच्या दाजींच्या घरी एकदा चोर शिरला आणि हात हलवत परत गेला. कपाट उघडं, गाद्या उलट्या, तांदळाचं पिंप फरशीवर ओतलेलं. पण सोन्याचा मणीसुद्धा त्याच्या हाती लागला नाही. गल्लीत दाजींचं भरपूर कौतुक झालं. ते ओसरल्यावर अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, विचारलं, "बरं, सोनं हाय कुटं?" दाजींनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. त्यांना आठवेना. दागिने सापडले ते गणपतीत, मखराच्या खोक्यात, थर्माकोलच्या खांबाच्या पोटात. तोवर लग्नसराईभर अक्का खोट्या पाटल्या घालून मिरवली.

"जपून ठेवलंया" हे दाजींचं पालुपद. गाडीची किल्ली? जपून ठेवलीया. लाइटचं बिल? जपून ठेवलंया. एकदा टीव्हीचा रिमोट जपून ठेवला गेला आणि त्या घरानं अख्खा पावसाळा शेतीविषयक एकच चॅनल बघून काढला. वस्तू ठेवण्याआधी दाजी खिडकीतून गल्लीच्या दोन्ही टोकांना बघतात, "कोन बघत न्हाय न्हवं?" असं पुटपुटतात आणि घरातल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करतात. त्या वेळी घरी पाहुणे असले तर पाहुण्यांनासुद्धा. मी स्वतः त्या भिंतीकडे तोंड करून चहा प्यायलोय.

नोकरीही त्यांना अशीच लाभली. साखर कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. एखादा फिटर नट मागायला आला की म्हणायचे, "दिला असता, पर संपला म्हंजे?"

"अवो, वापरायलाच आणलाय न्हवं?"

"वापरला की संपतोय. त्येच सांगतोय मी."

ते निवृत्त झाले तेव्हा नव्या माणसाला स्टोअरचा ताबा देताना काही असे सुटे भाग निघाले, की ज्यांची यंत्रं भंगारात जाऊन जमाना झाला होता. भाग मात्र कोरे करकरीत, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले.

मी याच्या उलट. माझ्या हातून वस्तू हरवतात आणि हरवल्या नाहीत तरी हरवल्यासारखं वाटत राहतं. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपणच तिच्याशी बोलत उभे होतो. अशा माणसानं परदेशी जाऊ नये. पण मी ज्या कारखान्यात नोकरी करतो, तिथून मला यंत्रांच्या एका प्रदर्शनासाठी बँकॉकला पाठवायचं ठरलं, आणि बायको म्हणाली, "मग मागून आम्ही पण येतो. अक्कांना पण घेऊ."

अक्का तयारच नव्हती. कधी गुडघा, कधी गल्लीतलं बारसं, कधी "मी गेल्यावर कुंड्यांना पानी कोन घालनार?" तिकिटं काढून झाली तरी ती नवनवीन अडचणी शोधत होती. दाजींनी मात्र जाहीर करून टाकलं, "मी बाळासाहेबांसंगट फुडं जातो. जागा बघतो. बरी असली तर हिला आणायची." बाळासाहेब म्हणजे मी. अख्खं शहर आधी तपासून मगच बायकोला तिथं उतरवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बँकॉकच्या हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी मी एक गोष्ट केली, जिचं मला अजून वाईट वाटतं. मी माझाही पासपोर्ट दाजींच्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा," म्हणालो. खोलीत छोटी तिजोरी होती. दाजींनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "तिजोरी म्हंजे चोराला पाटी लावून सांगितल्यागत हाय. हिकडं बघू नगासा." मी भिंतीकडे तोंड केलं. मागे कागद, प्लॅस्टिक आणि झाकण असे आवाज आले. मला हलकं वाटलं. पासपोर्ट गेलाच तर निदान माझ्या हातून जाणार नव्हता, म्हणून हलकं वाटलं. एवढाच माझा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलसमोरच्या फूटपाथला दाजींचा अंगठा ठेचला. "आयला, फुटला की!" असा आवाज रस्ताभर गेला. समोर एका व्हॅनमध्ये भाजीचे क्रेट चढवणारा गडी थांबला आणि ओरडला, "पावणं, कोल्हापूरचं का वो?"

पुढचा तासभर वाहतुकीला अडथळा झाला. तो एका हॉटेलात आचारी होता. गाव पन्हाळ्याच्या पलीकडची आवळेवाडी. "आवळेवाडीत आमच्या हिची मावसबहीण दिलीया की!" दाजींनी त्याला मिठीच मारली. मग भावकी निघाली, आईचं माहेर निघालं, दूध संस्थेतलं राजकारण निघालं. घरची म्हैस नुकतीच व्याली होती आणि रेडी झाली होती, तिचा फोटो त्यानं दाखवला. शेवटी तो म्हणाला, "सगळं घावतंय हितं. पर आपली चटनी न्हाय. संपून लई दिस झालं."

दाजी तडक खोलीत गेले आणि अक्कानं दिलेला कांदा-लसणाच्या चटणीचा स्टीलचा डबा घेऊन खाली आले. "घ्या. आईच्या हातची समजून खावा." मी बघत राहिलो. फिटरला नट न देणारा माणूस अख्खा डबा देत होता. त्या गड्याच्या डोळ्यात पाणी आलं. व्हॅनचा हॉर्न वाजला, तो चढला, गेला.

संध्याकाळी मी प्रदर्शनातून परतलो, तेव्हा खालच्या काउंटरवरच्या मुलीनं बेटावर जायच्या बोटीच्या तिकिटांसाठी पासपोर्ट मागितले.

"जपून ठेवल्यात," दाजी म्हणाले आणि आम्ही वर गेलो.

पहिल्यांदा त्यांनी उशीचे अभ्रे उलटे केले. मग पडद्याची शिवण चाचपली. मग संडासाच्या टाकीचं झाकण काढलं. मी आधी हसत होतो. मग दाजी पलंगाखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी वाकून पाहिलं. ते तिथं नुसते पालथे पडले होते.

"दाजी?"

"आठवंना वो, बाळासाहेब."

भाषा येत नाही, ओळख नाही आणि आपण कोण हे सांगणारा कागद नाही. तुरुंग मी कधी आतून पाहिलेला नाही, पण त्या खोलीत मला तो वासासकट दिसला. पोरं दोन दिवसांत विमानात बसणार होती. त्यांना मी काय सांगणार होतो? की बाबांनी स्वतःचा पासपोर्ट स्वतःहून दुसऱ्याला दिला, कारण त्यांना जबाबदारी नको होती?

"घरी फोन करतो," मी म्हणालो. "त्यांना येऊ नका म्हणून सांगू. वकिलातीत जाऊ."

दाजी पलंगाखालून सरपटत बाहेर आले आणि त्यांनी माझा फोन धरला.

"घरी न्हाय सांगायचं. हिला कळलं की ती येत न्हाय. ती कारनच हुडकतीया."

"मग नाही आली तर नाही आली. पुढच्या वर्षी..."

"फुडच्या वर्षी, फुडच्या वर्षी!" दाजी एकदम ओरडले. मग खाली बसले. "कवा न्हेलंय मी तिला कुटं? आई अंथरुणाला खिळलीती, तवा म्हनलो हे निपटू दे. मग पोरीचं लगीन. मग म्हनलो रिटायर झाल्यावर. रजा साठवली, पैसा साठवला. बायकोला बी जपूनच ठेवलं की वो मी. आता चल म्हनतोय, तर तिचा पायच निघंना."

माझी बहीण इतकी वर्षं माझ्याच गल्लीत राहते. हे मला कधी दिसलं नव्हतं.

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. दाजींनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं, विस्कटलेली खोली मागे दिसू नये म्हणून भिंतीला टेकले आणि मोठ्यानं हसले. हसू भयंकर होतं.

"जेवलासा का?"

"व्हय, व्हय. झ्याक."

"घाम का आलाय?"

"हितं उकडतंय लई."

"माझी बॅग काय अजून भरून झाली न्हाय. बघू म्हनतोय..." अक्काचा आवाज जरा रेंगाळला. "आनि ऐकलं का, चटनीचा डबा कुनाला देऊन बसू नगासा. माझा झाकनाचा डबा हाय त्यो."

दाजींच्या चेहऱ्यावरची वीज गेली. एवढंच दिसलं मला. ओठ मात्र शहाण्यासारखे म्हणाले, "न्हाय, न्हाय. जपून ठेवलाय."

फोन बंद झाला. दाजी भिंतीवरून घसरत खाली आले. "बाळासाहेब, चटनीत."

"काय चटणीत?"

"दोनी पासपोर्ट. पिशवीत घालून तळाला. म्हनलं, आपल्या चटनीत कोन चोर हात घालतोय? झोंबल की त्येला!"

त्या गड्याला शोधायला आम्ही धावलो. व्हॅन कुठली, हॉटेल कुठलं, काही विचारलं नव्हतं. नावही विचारलं नव्हतं. आमच्याकडे गाव कळलं, भावकी कळली, म्हैस कळली, की नावाशी काय करायचंय? एका भारतीय हॉटेलच्या मॅनेजरला दाजी हिंदीत म्हणाले, "उसका गाँव पन्हाळे के पीछे है."

"नाम क्या है?"

"उसकी भैंस ब्याई है."

मॅनेजरनं आम्हाला पाणी दिलं आणि दार दाखवलं. पोलीस दिसला की आम्ही जवळच्या दुकानाच्या काचेत बघत उभे राहायचो. एक दुकान बायकांच्या आतल्या कपड्यांचं निघालं. दाजींना ते कळलंही नाही. ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. अंधार पडायला लागला तसा मला प्रत्येक गणवेशवाला आमच्याकडेच येतोय असं वाटायला लागलं.

वाट एकच होती. आवळेवाडीला फोन. त्या गड्याला गावात कुणीही ओळखलं असतं. पण आवळेवाडीतल्या मावसबहिणीचा नंबर जगात एकाच माणसाकडे होता.

मी म्हणालो, "अक्काला मी सांगतो." म्हणालो खरा, पण फोन खिशातून काढला नाही. दाजींनी स्वतःचा काढला. फूटपाथवरच, एका फळवाल्याच्या गाडीशेजारी, त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"माझ्या हातनं चूक झालीया," ते म्हणाले. "पासपोर्ट घावू दे न्हाय तर ऱ्हाऊ दे. तू ये. मी वकिलातीत बसतो दिसभर. तू बाळासाहेबांसंगट फिर. समिंदर बघून जा. माझ्यासाठनं थांबू नगंस."

मग अक्का म्हणाली, "कुटल्या वाडीचा म्हनलासा?"

"आवळेवाडीचा. म्हैस व्यालीया त्याची. रेडी झालीया."

फोन बंद.

आम्ही फळवाल्याशेजारी उभे राहिलो. त्यानं आम्हाला कापलेला पेरू दिला. दाजींनी तो हातातच धरून ठेवला. बँकॉकमधल्या एका माणसाला बँकॉकमध्येच शोधायला आमची हाक कोल्हापूरला गेली, तिथून पन्हाळ्याच्या पलीकडं, मावसबहिणीच्या दारातून गोठ्याच्या दारात, आणि तिथून एका आईच्या फोनवरून परत आमच्याकडे आली. अनोळखी नंबर वाजला.

"पावणं! चटनीत पुस्तकं घावली की वो! आत्ताच मटनाला डबा उघडला. अवो, असं कोन ठेवतंय?"

तासाभरात तो स्कूटरवरून आला. पासपोर्टांच्या कडा लाल झाल्या होत्या. माझ्या फोटोवर एक ठिपका पडला होता, आणि उघडलं की शिंक येत होती. मला रडू आलं ते तिखटानं आलं, असं मी त्या गड्याला सांगितलं.

दाजींनी लगेच अक्काला फोन लावला. "घावलं!"

"बरं झालं."

"येतीस न्हवं?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. दाजींनी फोन खिशात घातला आणि त्यानंतर एकदाही तिचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "अक्का बॅग उघडून बसल्यात. भरत पण नाहीत, मिटत पण नाहीत." मी हे दाजींना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. हॉटेलात ते पहाटेपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पलंगाच्या कडेवर बसलेले असायचे.

विमानतळावर आम्ही फार लवकर पोचलो. मुंबईचं विमान उतरलं. काचेचं दार सरकायला लागलं. माणसं आली, ट्रॉल्या आल्या, माझी पोरं धावत आली. बायको आली. तिच्यामागे कुणी नव्हतं.

दाजींनी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. नजर मात्र पोरांवर नव्हती.

"अक्का?" मीच विचारलं.

बायकोनं मागे बोट दाखवलं. दार पुन्हा सरकलं. आत, दूर, भिंतभर जांभळी फुलं लावली होती, खऱ्या फुलांची भिंतच. तिच्यासमोर माझी बहीण उभी होती. बॅग पायाशी, पदर खांद्यावरून घसरलेला, मान मागे टाकलेली. ती कुणाकडेच बघत नव्हती.

हाक मारायला मी हात वर केला. तो दाजींनी धरला.

"हाक मारू नगासा," ते म्हणाले. ज्यांचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जातो, ते कुजबुजत होते. "बघू दे तिला."

दार मिटलं की ते वाकून काचेला कपाळ लावायचे. कुणी बाहेर आलं, दार उघडलं, की बाजूला होऊन सरळ उभे राहायचे.