विमानाचं इंजिन फिरवणारे नजीरमामा

जगातलं कुठलंही विमान असो, आमचे शेजारी नजीरमामा त्याच्या वेळेत अर्धा तास वाढवतात. का? तर "इंजिन फिरवायला!"

दौंडला आलेल्या गाडीचं इंजिन काढायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं, हेच मामांनी नोकरीभर केलं. रिटायर झाले, रेल्वे कॉलनी सुटली, पण डोक्यातलं यार्ड काही सुटलं नाही. विमानाचं इंजिन फिरवत नसतात, हे मी त्यांना हज्जारदा सांगून बघितलं.

"तू कुरकुंभच्या केमिकल फॅक्टरीतला. तुला जंक्शन काय कळणार?" झालं, विषय संपला.

लेक शबाना मेलबर्नला गेल्यापासून तर विचारूच नका. वरवंडहून कुणी मामांची भाड्याची खोली बघायला आलं, तर त्यालाही ऐकावं लागतं. "मुंबई ते मेलबर्न दहा हजार किलोमीटर धरा. म्हंजी दौंड-पुणं सव्वाशेच्या वर खेपा! आन् मधी हाल्ट एकच, सिंगापूर. जंक्शन हाय, आपल्यासारखंच." तो बिचारा खोली न बघताच जातो.

परवा शबाना सुट्टी संपवून परत निघाली. दुसऱ्या दिवशी आपल्या साडेतीनला तिकडं उतरणार होती. मामांनी जाहीर केलं, "चार धरा." माझी सुट्टी होती, म्हणून मीही जाऊन बसलो.

चार वाजले. फोन नाही.

"सिग्नल मिळाला नसंल," मामा म्हणाले.

साडेचार झाले. "क्रॉसिंगला टाकली आसंल."

"मामा, आभाळात कसलं क्रॉसिंग?"

"गप ए! रेल्वेत मी व्हतो का तू?"

पाचला तर त्यांनी विमान पाणी भरायला थांबवलं. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "थांबा, मोबाईलवर दिसतं विमान कुठंय ते."

"नको!" मामा एवढ्या जोरात ओरडले, की माझ्या हातातला मोबाईल खाली पडला. "ते बघायचं न्हाई."

मी गुपचूप आत गेलो. मामी निवडलेली मेथी पुन्हा निवडत होत्या.

"मामी, मामा हे सगळं तुम्हाला धीर द्यायला बोलतात ना?"

"मला?" मामी म्हणाल्या. "खरा टाइम शबाना मलाच सांगती की. ही पोरगी पहिल्यांदा गेली, तवा चोरून लय रडले हे. हाल्ट वाढवत्यात तवर तग धरत्यात. वाढवू दे."

"मग तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटती की. पण दोघांनी भिऊन कसं चालंल?"

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. आम्ही दोघं धावलो. फोन स्पीकरवर होता.

"अब्बा, पोचले. सिंगापूरलाच लेट सुटलं."

मामांनी तोंड उघडलं. किती किलोमीटर, कुठं किती वेळ, एक अक्षर फुटेना. फोन मामींच्या हातात कोंबला, "तूच बोल" म्हणाले आणि मोरीत शिरले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बंदच होईना.

"अब्बा व्हय?" मामी फोनवर लेकीला सांगत होत्या, "जरा बाहेर गेल्यात. तू जेवलीस का?"