वय चोरलेली मोटार

चार वर्षांची लेक बबी पुण्याच्या साहेबांपुढे काहीबाही बोलली तर? या एका काळजीने उषाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

हसनाबादला त्यांच्या गोठ्यात, बैलांच्या शेजारी, एकावन्न सालची अमेरिकन मोटार उभी होती. सासऱ्यांनी, म्हणजे पुंजारामअण्णांनी, ती निजामाच्या कुण्या माजी अंमलदाराकडून हौसेने घेतली, तिच्यातून स्वतःची वरात काढली, आणि पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. बबी दिवसभर तिचं स्टेअरिंग फिरवायची. महिन्यापूर्वी सीटखाली विंचू निघाला, तेव्हा उषा नवऱ्याला, मच्छिंद्रला, नाही नाही ते बोलली. त्याने मुकाट्याने पेपरात जाहिरात दिली. पुण्याच्या एका साहेबांचं उत्तर आलं : बघायला येतो.

अण्णा कामाला लागले. जनावर विकायचं तर शिंगं रंगवायची आणि वय कमी सांगायचं, एवढं त्यांना बराबर ठाऊक. मोटारीच्या चकचकीत बंपरला पोळ्याचा उरलेला लाल हिंगूळ फासला गेला.

"सूनबाई, एकाहत्तरची म्हनू. म्हाताऱ्याला कोन गिऱ्हाईक इचारतंय?"

उषाने (बी.ए., दुसरा वर्ग) पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं : मॉडेल १९७१. बबीला बजावलं, "पाहुण्यांपुढं बिलकुल तोंड उघडायचं न्हाई."

साहेब आले. बंपरवरून फिरवलेलं बोट लाल झालं. त्यांनी पुठ्ठा वाचला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"अण्णा, मी जुन्याच गाड्या जमवतो. एकावन्नची असती तर आजच नेली असती. ही तर काल-परवाची!"

एकदा सांगितलेलं वय अण्णांनी जन्मात बदललं नव्हतं. मच्छिंद्र (नेहमीप्रमाणे) बायकोकडे बघत राहिला. बायकोच्या डोळ्यांपुढे तो विंचू नांगी वर करून उभा.

साहेब वळले.

"थांबा की!" स्टेअरिंगमागून बबी ओरडली. "लई म्हातारी हाय ही! आजीच्या वरातीतली. आईनं खोटं लिव्हलंय."

उषाने पुठ्ठा पदराआड केला (जणू त्याने अक्षर पुसणार होतं). साहेब मात्र खो खो हसले. "शाब्बास पोरी! घेतली गाडी. बोला अण्णा, काय द्यायचं?"

अण्णांना हुरूप आला. भाव असा चारचौघांत बोलायचा नसतो. त्यांनी खांद्यावरचा रुमाल पसरला, साहेबांचा हात आत ओढला आणि बैलबाजारातल्या रीतीने आकडा सांगायला बोटं दाबायला सुरुवात केली. साहेबांचे डोळे विस्फारले. उषाने सुटकेचा निःश्वास सोडला : आता पोर काय बोलणार!

बबी रुमालाकडे टक लावून बघत होती.

"आबा," ती अण्णांना म्हणाली, "पन आई तं म्हनली व्हती, फुकट नेली तरी देऊन टाका!"