प्लीहेची व्याख्या आणि इर्माबाई

एकोणीसशे एकाहत्तरच्या हिवाळ्यात इटलीतल्या अख्ख्या पादोवा शहरात माणसाच्या पोटातलं माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं! यकृत म्हणा, प्लीहा म्हणा, स्वादुपिंड म्हणा. तुम्ही नाव घ्यायचा अवकाश, मी व्याख्या धाडधाड म्हणून दाखवायचो. झोपेतसुद्धा!

आमच्याकडे अभ्यास मोठ्यानं म्हणूनच करतात. आणि घरात उबेला शेगडी एकच, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. म्हणून तीन महिने मी इर्माबाईंच्या टेबलाशी बसून शरीरशास्त्र गात होतो. समोर त्या घेवड्याचे दाणे निवडत बसायच्या. मी जरा अडलो की म्हणायच्या, "नवव्या फासळीच्या..." की माझी गाडी सुटलीच! काय दिवस होते हो! पातेल्यात मक्याची पोलेंटा रटरटतेय, खिडकीबाहेर धुकं, आणि आत मी, वय वर्षं एकवीस, सर्वज्ञ!

परीक्षा फेब्रुवारीत, तोंडी. नापास झालो की सक्तीच्या लष्करभरतीतली सूट संपली, मार्चमध्ये थेट पलटण. तीसपैकी अठरा पडले तरी सुटका होती. पण अठरा कुणाला हवे होते? मला तीसच हवे होते!

आमच्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसावं. तशा इर्माबाई आल्या. ऑपेराला निघाल्यासारखा फरचा कोट घालून, पहिल्या रांगेत! शेजारच्या मुलीला विचारतात, "काय गं, गुण कमी दिले तर?"

"नको म्हणायचं, मावशी. पुढच्या खेपेला पुन्हा बसायचं."

"अस्सं होय!"

प्रोफेसर बोर्दिन्योननी चष्मा पुसला. "हं, झानार्दो. प्लीहेची व्याख्या?"

माझं डोकं धुतलेल्या पातेल्यासारखं लख्ख! समोर घेवडा नाही, पोलेंटा नाही, काही नाही!

"प्लीहा म्हणजे... प्लीहाच, सर."

"वा. असते कुठं?"

"आत."

वर्ग खो खो हसला. इर्माबाईंना काही राहवेना. "अरे, डावीकडं! नवव्या ते अकराव्या फासळीच्या आड! काल तर घडाघडा म्हणत होतास, गाढवा!"

"आपण कोण, बाई?"

"याची घरमालकीण."

"मग स्वादुपिंड सांगा बघू."

"त्यात काय! जठराच्या मागं आडवं पडलेलं असतं. डोकं आतड्याच्या वळणात, शेपूट प्लीहेला टेकलेलं. रविवारी हा आमच्या कोचावर लोळतो ना, हुबेहूब तसं!"

काय टाळ्या पडल्या! प्रोफेसरही खूश. त्या खुशीत त्यांनी मला आणखी चार अवयव विचारले. पहिले दोन शब्द इर्माबाई बाकावरून म्हणायच्या, पुढचं मी. प्रोफेसर कानाडोळा करत होते. शेवटी माझी गुणपुस्तिका उघडून त्यांनी पेन उचललं.

"बाईंना तीस. तुम्हाला अठरा. घेताय?"

अठरा! वाचलो! डोळ्यांसमोरून पलटण उलट्या पावली निघून गेली. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं...

"मुळीच नाही!" इर्माबाई ताडकन उठल्या. "अठरा? तीन महिने याच्या नादात माझा घेवडा करपला, तो काय अठरासाठी? नकोत आम्हाला!"

पोरांनी बाकं बडवली. शंभर जणं माझ्याकडं राजा असल्यासारखी बघत होती. अशा वेळी "नाही हो सर, चालतील अठरा" म्हणायला जो अवयव लागतो, त्याची व्याख्या आमच्या पुस्तकात नव्हती. मी आपली मान ताठ केली. प्रोफेसरांनी पुस्तिका मिटली. "बाणेदार आहात! जूनमध्ये या."

घरी जाताना इर्माबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "कसं तोंडावर सांगितलं! काय रे?"

"हो ना," मी म्हणालो. बाई इतकी खुशीत होती की लष्कराचं नाव काढवेना. आज त्या नाहीत, ते स्वयंपाकघरही नाही. आणि भर सभेत माझ्यासाठी असं ताडकन उठलेलं दुसरं माणूस मला पन्नास वर्षांत भेटलं नाही. बरंच म्हणायचं!

मार्चमध्ये मला डोंगरी पलटणीत घेतलं. काम खेचरं सांभाळण्याचं. पहिल्याच सकाळी एका खेचरानं लाथ घातली. पलटणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठं लागलं?"

पहिले दोन शब्द सांगायला इर्माबाई नव्हत्या. मी बोट दाखवलं.