तात्यांच्या पेटीतलं हमिंग

आमचे घरमालक बबनतात्या अधूनमधून माझ्या फ्रिजला कान लावून उभे राहतात. दारावर टकटक करतात, चपला बाहेर काढतात, "ताई, जरा बगू," म्हणतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. डोळे मिटून, 'कुणी बोलू नका' असा एक हात वर करून, कान फ्रिजच्या पाठीला. मग सावकाश डोळे उघडतात आणि निकाल देतात, "हितं संशयाला जागा हाय."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला तात्यांचाच संशय आला. घरमालक भाडेकरूच्या स्वयंपाकघरात घुसतो तो काय फ्रिज ऐकायला? भिंतीला खिळे ठोकलेत का, न सांगता पाहुणे राहायला आणलेत का, हेच बघायला आला असणार. शिवाय माझा धंदाच संशयाचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कुणी "सगळं नीट चाललंय" म्हणालं की माझे कान टवकारतात. तेव्हा आमची गाठ पडली ती अगदी तोलामोलाची पडली.

तात्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. हिंजवडीच्या पुढे, जिथे कंपनीच्या कॅब गाडी वळवताना भाताच्या खाचरात चाक घालतात, तिथे त्यांची इमारत आहे. वर आम्ही भाडेकरू, तळमजल्यावर तात्या एकटे. उमेदीच्या काळात त्यांचा लाउडस्पीकरचा व्यवसाय होता. पौडपासून ताम्हिणीपर्यंत लग्न असो की जत्रा, झाडावर चढवलेला कर्णा तात्यांचाच. पुढे डीजे आले आणि कर्णे माळ्यावर गेले. पण जुन्या सेटमधले काचेचे व्हॉल्व्ह तात्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून जपले होते, आणि त्यांतून त्यांनी घरच्या घरी गिटारचा अॅम्प्लिफायर तयार केला. त्याला ते पेटी म्हणतात. दाराच्या जुन्या फळ्यांचं खोकं, पुढे पडद्याचं कापड, मागे उघडी तारांची गुंतवळ. बटण दाबलं की व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस उजळतात. बघायला फार छान वाटतं. मग पेटी तोंड उघडते आणि म्हणते, घूंऽऽऽ. गिटार जोडा, न जोडा, घूंऽऽऽ.

हेच ते हमिंग. पेटीच्या वरच भिंतीवर एक लाल गिटार टांगलेली आहे. तात्या तिला रोज पुसतात, पण ती वाजलेली इमारतीत कुणी ऐकलेली नाही. एकदा मी आग्रह केला तेव्हा तात्यांनी मान हलवली. "आदी हमिंग जाऊ दे," ते म्हणाले, "मंग गिटार."

हमिंग घालवण्यासाठी त्यांनी काय केलं नाही? कंडेन्सर बदलले. व्हॉल्व्हच्या तारा एकमेकींना वेणीसारखा पीळ घालून पुन्हा बसवल्या. ट्रान्सफॉर्मर आडवा होता तो उभा केला. शेवटी एकेक व्हॉल्व्ह उपसून बघितला. गिटारच्या बाजूचा पहिला व्हॉल्व्ह उपसला की घूं थांबते, बसवला की सुरू होते. म्हणजे दोष पुढच्या कुठल्या भागात नाही, घूं त्या पहिल्या व्हॉल्व्हच्याही अलीकडून आत येतेय. इथपर्यंत तात्यांचं डोकं माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही माणसापेक्षा सरळ चाललं होतं. पण 'व्हॉल्व्हच्या अलीकडून' याचा अर्थ त्यांनी 'गावातून' असा घेतला. बाहेरचं कुणीतरी आपल्या पेटीत हमिंग सोडतंय, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

मग एकेकाची चौकशी सुरू झाली. कोपऱ्यावरची विजेची डीपी, मोबाइलचा टॉवर, माझ्या वरच्या मजल्यावरच्या बिहारी पोरांचे चार्जर. त्या पोरांना तात्या हिंदीतून दरडावायचे, "कोन चार्जर लगाया हाय, सच बोलनेका." पोरं बिचारी सगळे चार्जर काढून त्यांच्यापुढे ठेवायची आणि चहाही द्यायची. शेजारच्या गिरणीवाल्याला तर तात्यांनी ऐन गर्दीत गिरणी बंद करायला लावली आणि पळत घरी येऊन पेटी ऐकली. घूं तशीच. याचा निष्कर्ष तात्यांनी असा काढला की गिरणीवाल्याने आत आणखी एक गिरणी लपवलेली आहे.

तात्यांच्या दरबारात निर्दोष सुटण्याची सोयच नाही. फ्रिज बंद केल्यावर घूं थांबली नाही तर ते म्हणतात, "बंद केलाय, पर मनातून न्हाई." एकदा मी घरून काम करत होते. साहेबांपुढे महत्त्वाची मीटिंग ऐन रंगात आली होती आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. खाली धावले तर तात्या मेन स्विचपाशी उभे. कोणाच्या खोलीत इन्व्हर्टर आहे ते त्यांना चोरपावलांनी पकडायचं होतं. त्या दिवशी मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं इन्व्हर्टर हाय का?"

आता हा माणूस वेडा तरी आहे किंवा आत शिजतंय काहीतरी वेगळंच, असं माझं मत झालं. म्हणून एका रविवारी सकाळी तात्या तांब्या घेऊन इमारतीच्या मागे निघालेले दिसले, तेव्हा मी मागोमाग गेले. ते कढीपत्त्याच्या झाडाखाली बसले, इकडेतिकडे बघितलं, खिशातून पुडी काढली आणि मूठभर पांढरं काहीतरी जमिनीत टाकून वर पाणी ओतलं. कुणावर करणी करतायत की काय? मी दबकत पुढे झाले. पुडीत मीठ होतं, आणि मातीतून तांब्याचा दांडका वर आलेला होता.

तात्या चपापले. मग म्हणाले की ही त्यांची खासगी अर्थिंग. ओल टिकावी म्हणून रोज मीठ आणि पाणी. मी म्हटलं, इमारतीला अर्थिंग आहे की. तात्यांनी आवाज खाली आणला. अर्थिंगचा खड्डा भरला त्या दिवशी ते एका मयतीला गेले होते. वायरमनने खड्ड्यात कोळसा घातला की नुसती माती लोटली, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं नाही. तेव्हा तिथे संशयाला जागा हाय.

"मग पेटीला कुठली अर्थिंग दिलीय?"

"दोनी," तात्या म्हणाले. "एक मागं, इमारतीची. एक म्होरं, गिटारच्या पिनेपाशी, माजी सोताची. एकीनं दगा दिला तर दुसरी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असं नाही. विजेतलं मला काही कळत नाही. पण एका कामावर दोन माणसं लावली की गोंधळ होतो, हे ऑफिसात रोज बघते. मी आत गेले, पेटी बंद केली आणि त्यांची ती कढीपत्त्याखालची तार गिटारच्या पिनेपासून सोडवली. पुन्हा बटण लावलं. व्हॉल्व्ह उजळले. आम्ही वाट बघत राहिलो. घूं नाही. बाहेर एक कॅब हॉर्न देत गेली तेवढंच.

मला वाटलं तात्या खूष होतील. ते नुसते पेटीकडे बघत बसले. मग गिटारकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं." पण आवाज असा, जणू त्यांचंच काहीतरी हरवलंय. मी जिना चढताना आतून कडी लावल्याचा आवाज आला.

दोन दिवसांनी दारावर टकटक. तात्या. चपला काढल्या, फ्रिजला कान, डोळे बंद. हमिंग परत आलंय म्हणे. माझं डोकंच फिरलं. मी तशीच खाली गेले. पेटी चालू, आवाज बारीक केलेला, आणि गिटारच्या पिनेपाशी ती तार, नव्या चिकटपट्टीनं नीट बसवलेली.

"तात्या, ही तुम्हीच लावलीत."

तात्या खाटेवर बसले. टेस्टर खिशातून काढला, परत ठेवला.

"ही गिटार माजी न्हाई, ताई," ते म्हणाले. "किसनची हाय."

मग सांगितलं. किसन त्यांचा जोडीदार. तात्यांची ही पेटी, किसनची गिटार. एका जत्रेत वाजवणं रंगात आलेलं असताना पेटीनं घूं धरली. लोक हसले. किसनने तिथेच गिटार खाली ठेवली, "बबन, आदी हमिंग काड, मंग बोलव मला," असं म्हणून स्टेजवरून उतरला तो उतरलाच. नंतर किसनची जमीन बिल्डरकडे गेली, मुलाबरोबर तो महाळुंग्याच्या एका उंच इमारतीत राहायला गेला. इथून गाडीवर गेलं तर कितीसं लांब? पण ह्यांनी बोलावलं नाही, तो आला नाही.

"आता तर हमिंग गेलं होतं ना? मग बोलवायचं."

"हमिंग हाय तवर त्याचं येनं बाकी हाय," तात्या म्हणाले. "काडलं, बोलवलं आन तरी न्हाई आला, तर?"

इतकी वर्षं हा माणूस माझ्या फ्रिजवर, गिरणीवर, टॉवरवर संशय घेत फिरला आणि ज्या एका गोष्टीची खरी भीती होती, तिच्या वाटेला गेलाच नव्हता. फार वाईट वाटलं मला. मी नंबर विचारला. त्यांना तो पाठ होता. माझ्याच फोनवरून लावायला सांगितलं, कारण त्यांचं नाव बघून किसन उचलणार नाही असा त्यांना संशय.

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला. "हालो, कोन?" म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात कुणी म्हणालं. तात्यांनी पेटीकडे बघितलं. पलीकडून पुन्हा "कोन?" तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पेटीच्या कापडाला टेकवला आणि दुसऱ्या हाताने आवाज मोठा केला. घूंऽऽऽ.

त्याने फोन कट केला असं वाटलं मला.

"बबन?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"अजून हाय व्हय ते?" मग, "दोन अर्थिंग दिल्यात का रं?"

तात्यांनी रागाने माझ्याकडे बघितलं. "कुनी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला पायजे? एका अर्थिंगवर तुजा इस्वास बसनार हाय व्हय?"

"काडतो. आत्ताच काडतो दुसरी."

"हात लावू नगंस," पलीकडून आवाज आला. "ऱ्हाऊ दे तशीच. मी आल्यावर काडू."

तात्यांनी फोन मला परत दिला. पेटी मोठ्याने घूं करत होती. त्यांनी ती बंद केली नाही.