टिटवीला बढती मिळते

बाळांनो, एका जंगलात नुकतेच कार्यालय उघडले होते. कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर, नदीकाठच्या गोट्यांत चंद्रा नावाची टिटवी राहत होती. तिथेच उघड्यावर तिने चार अंडी घातली होती.

तुमच्याकडे टिटवी ओरडली की मोठी माणसे तोंड वाकडे करतात, काहीतरी अशुभ होणार म्हणतात. त्या जंगलात तसे नव्हते. चंद्रा ओरडली की ससे झुडपात आणि पाडसे आईच्या पोटाखाली. ती काही कुणी सांगितले म्हणून ओरडत नसे. घोरपड दिसली की तिच्याने गप्प बसवतच नसे.

कार्यालयाचा कारभार साळिंदराकडे होता. लिहायला तो आपल्याच पाठीवरचा काटा उपटायचा, म्हणून सगळे त्याला विद्वान समजत. एवढी गुणी बाई नुसती ओरडते, हे त्याला बघवेना. त्याने तिला बढती दिली. ‘मुख्य सावधानता अधिकारी’ असे पद, बसायला उंच कातळ आणि वर नावाची पाटी. चंद्रा हरखून गेली. पंचक्रोशीतल्या टिटव्यांना तिने पाटी दाखवायला बोलावले.

दुसऱ्याच सकाळी कातळावरून तिला घोरपड दिसली. ती सवयीने चोच उघडणार, तोच साळिंदर आडवा आला.

“बाई, अधिकारी ओरडत नसतात. ओरडणाऱ्याला कळवायचं, एवढंच तुमचं काम.”

“मग ओरडणारा कोण?”

“ती तुमचीच जुनी जागा. सध्या रिकामी आहे.”

तोवर मीच ओरडू का, असे तिने विचारले. ओरडता येईल, साळिंदर म्हणाला, पण त्यासाठी अतिरिक्त कार्यभार घ्यावा लागेल. तसा अर्ज करायचा आणि त्यावर मुख्य सावधानता अधिकाऱ्याची शिफारस आणायची. चंद्रा बिचारी भाबडी. तिने अर्ज लिहिला. मग स्वतःच तो नीट वाचून स्वतःची शिफारस केली. सही करून मान वर केली, तर घोरपड अंड्यांपाशी पोचलेली.

मग मात्र ती ओरडली. अर्धे जंगल दचकून उठले. घोरपडीच्या डोक्यावर तिने अशा काही झेपा घेतल्या की ती शेपूट ओढत पळाली. तीन अंडी वाचली, चौथे गेले. चंद्रा त्या गोट्यांत बसून रडली. शेवटी आईच ती.

दुपारी नोटीस आली. मंजुरी येण्याआधी आरडाओरडा करून पदाची शान घालवली, तरी खुलासा करावा, असे त्यात होते.

चंद्राने पाटी उचलून साळिंदरापुढे ठेवली.

“अप्पा, मला ओरडायचंय. तुमची नोकरी तुमच्यापाशीच राहू द्या.”

तेव्हापासून ती आपली आपण ओरडते. तिन्ही पिल्ले मोठी झाली, तीही ओरडतात. घोरपड त्या काठाला फिरकत नाही.

वर्षअखेरीस साळिंदराने अहवाल लिहिला. सावधानता विभागातली दोन्ही पदे रिकामी असताना एकही तक्रार आली नाही, हे सारे कार्यालयाच्या नियोजनाचे यश, असे त्यात म्हटले होते. जंगलाचे महाराज तो वाचून प्रसन्न झाले आणि त्यांनी साळिंदराकडे आणखी तीन खाती सोपवली.

तात्पर्य: ज्याला मनापासून काम करायचे आहे, त्याने नोकरीच्या नादी लागू नये. तुम्हाला मात्र मोठेपणी चांगली नोकरी हवी आहे ना, बाळांनो? मग घोरपड दिसली तरी गप्प बसायची सवय आतापासूनच करा.